जुनी गाडी तापायलीय, पाणी कमी व्हायलंय: बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मारुती ८००, ओम्नी, झेन, सँट्रो, इंडिका, सुमो, बोलेरो, असल्या दहा-पंधरा-वीस वर्षं झालेल्या गाड्या आपल्याकडं अजून रोज पळतात, केए २२ असो नाहीतर केए २३, आणि उन्हाळा लागला की तेच तेच प्रश्न सुरू होतात. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कूलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमधनं फिरणारं औषध घातलेलं पाणी) पेट्रोलसारखं जळून संपत नाही, सिस्टीम सगळीकडनं बंदिस्त असते, त्यामुळं पाणी कमी झालंय म्हणजे ते कुठनं तरी बाहेर गेलंय, आणि ते कुठनं गेलं हे शोधल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका.

प्र. मी आत्ता रस्त्यातच आहे, टेंपरेचरचा काटा लालकडं चाललाय, काय करू?

एसी बंद करा, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल, होय उन्हाळ्यातसुद्धा, कारण हीटर म्हणजे आत बसवलेला एक छोटा रेडिएटरच आहे आणि तेवढी उष्णता तो इंजिनमधनं ओढून घेतो. तरी काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. वाफ दिसत असेल तर बॉनेट लगेच उघडायला जाऊ नका.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाहीच, रुमाल धरून पण नाही, ओलं पोतं टाकून पण नाही. आत दाब असतो, झाकण फिरवलं की उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा, वरचा मोठा होज (रबरी नळी) दाबून बघा, मऊ लागला आणि हाताला सोसवला की मगच हळूहळू झाकण फिरवा. आणि तापलेल्या इंजिनमध्ये बाटलीतलं गार पाणी भसकन ओतू नका, हेडला (सिलिंडरांवर बसवलेला इंजिनचा वरचा भाग) तडा जाऊ शकतो. थोडं थंड झाल्यावर इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओता.

"अजून चार किलोमीटर तर आहे, जाऊया की" हे म्हणूनच सगळ्यात जास्त हेड वाकलेत.

प्र. मेकॅनिककडं गेलं की तो पहिलं विचारतो कधी तापते, त्याचा काय संबंध?

सगळा संबंध त्याचाच आहे, आणि जो मेकॅनिक हे न विचारता डायरेक्ट रेडिएटर बदलूया म्हणतो त्याच्याकडनं गाडी परत आणा.

उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागलं की काटा खाली येतो, तर पाणी ठीक फिरतंय, हवा मिळत नाहीये. म्हणजे फॅन, त्याचा रिले (फॅनला करंट सोडणारी डबीसारखी स्विच), फ्यूज, स्विच. उलटं असेल, गावात ठीक पण पुणे-बंगळूर हायवेवर ऐंशी-नव्वदला वीस मिनिटं चालवली की काटा चढायला लागतो, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतनं बुजलाय. खालचा होज पण बघा, जुना झाला की आतली स्प्रिंग गंजते आणि जोरात रेस केलं की पंपाच्या ओढीनं होज चपटा होतो. सकाळी थंड गाडी चालू करून दोन-तीन मिनिटांतच काटा वर पळाला तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणारा वॉल्व) बंद अडकलाय, किंवा आत हवा आहे, किंवा हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट गेलीय.

घाटातच तापणं हे वेगळं प्रकरण, ते खाली.

प्र. गोव्याहून येताना चोरला घाट चढताना तापते, बाकी बेळगावात कायच प्रॉब्लेम नाही. असं का?

साखळीहून वर यायचं म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीवरनं सह्याद्रीच्या डोक्यावर, तेही सेकंड-थर्ड गिअरमध्ये, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली आणि एसी चालू. इंजिन पूर्ण ताकद लावतंय आणि गाडीचा स्पीड मात्र तीस-चाळीस, म्हणजे उष्णता जास्त आणि समोरनं वारा कमी. ज्या रेडिएटरच्या पाव नळ्या क्षारानं बुजल्यात तो टिळकवाडी ते कॅम्प फिरताना कधीच पकडला जात नाही, घाटात पकडला जातो. आंबोली, तिलारी, अनमोड, कुठलाही घाट घ्या, गोष्ट तीच.

त्यामुळं पहिला संशय अर्धा बुजलेल्या रेडिएटरवर. इंजिन चांगलं तापल्यावर बंद करून, फॅन आपोआप चालू होऊ शकतो म्हणून त्याची वायर काढून, रेडिएटरवर हात जवळ नेऊन बघा, किंवा तो पिस्तुलासारखा टेंपरेचर गन मिळतो त्यानं बघा. मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. दुसरं म्हणजे बाहेरनं बघा, एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत काय अडकलंय. आपल्याकडं चिकोडी, रायबाग, अथणीकडं फिरणाऱ्या गाड्यांत उसाची पाचट, धूळ आणि किडे यांचा चक्क थर निघतो, समोरनं बघून कळत नाही. मागच्या बाजूनं पाण्यानं धुवा पण प्रेशर वॉशर जवळ धरू नका, पंख्यासारख्या पातळ पत्र्या मुडपतात.

रेडिएटर चांगला निघाला तर मग क्लच घसरतोय का, एखादा ब्रेक जाम आहे का (घाट उतरून आल्यावर चारी चाकांजवळ हात नेऊन बघा, एकच जास्त गरम असेल तर तोच), आणि इग्निशन टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी बरोबर वेळेला पडते का. हे तीन लोक विसरतात.

प्र. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलो की काटा चढतो. फॅन चालतोय की नाही घरी कसं बघू?

गाडी उभी ठेवून चालू सोडा, एसी बंद, आणि काटा मध्याच्या थोडा वर गेला की ऐका. साधारण पंच्याण्णव डिग्रीच्या आसपास बहुतेक गाड्यांत फॅन लागतो, थोडा वेळ फिरतो, बंद होतो. नाही लागला तर आधी फ्यूज, मग रिले (शेजारचा तसलाच रिले काढून अदलाबदल करून बघा, फुकटची टेस्ट आहे), मग फॅनच्या मोटरला बॅटरीवरनं डायरेक्ट करंट देऊन बघा. मोटर फिरली म्हणजे मोटर चांगली, दोष स्विच किंवा वायरिंगमध्ये. जुन्या गाड्यांत रेडिएटरला दोन वायरींचा थर्मो स्विच असतो, सॉकेट काढून त्या दोन वायरी एकमेकीला जोडल्या की इग्निशन ऑनवर फॅन फिरला पाहिजे, फिरला तर स्विच गेलाय. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल मारणाऱ्या) गाड्यांत कॉम्प्युटर फॅन चालवतो, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत टेंपरेचर सेन्सरचं सॉकेट काढलं की काळजी म्हणून फॅन आपोआप चालू होतो.

एसी लावून फॅन फिरला म्हणून खूश होऊ नका, काही गाड्यांत कंडेन्सरचा फॅन वेगळा असतो, रेडिएटरचा मेलेलाच असतो. आणि सुमो, बोलेरोसारख्यांत फॅन इंजिनवर फिरतो, मधे व्हिस्कस कपलिंग (तापलं की फॅनला घट्ट धरणारा जोड) असलं तर गरम इंजिन बंद करून हातानं फिरवा, थोडं जड लागलं पाहिजे, भिंगरीसारखा फिरत राहिला तर कपलिंग गेलं.

"फॅन डायरेक्ट करून स्विच लावून देतो" हा आपल्याकडचा लाडका उपाय. रात्री घरी पोचायला ठीक आहे. कायमचा नको, एक दिवस स्विच लावायला विसरता आणि त्या दिवशी हेड जातं.

प्र. दर आठवड्याला पाणी घालतोय पण खाली एक थेंब दिसत नाही. पाणी जातंय कुठं?

तीनच वाटा आहेत. बाहेर, गाडीच्या आत, किंवा इंजिनच्या आत.

बाहेरची गळती बऱ्याचदा गरम इंजिनवरच सुकते म्हणून जमिनीवर दिसत नाही, पण डाग सोडते. हिरवट, गुलाबी किंवा पांढरा क्षाराचा ओघळ शोधा, होजच्या क्लिपांजवळ, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या जोडावर, वॉटर पंपाच्या खाली. पंपाला (आपले मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात) खाली मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथनं गळतं, तो इशारा आहे, एमसील लावून बुजवायला नाही. ब्लॉकला बाजूनं गोल पत्र्याच्या टोप्या ठोकलेल्या असतात त्या पण गंजून झिरपतात, आणि त्या नेमक्या जिथं हात पोचत नाही तिथं असतात.

गाडीच्या आत म्हणजे हीटरची जाळी. डाव्या बाजूचं कार्पेट ओलं, काच आतनं धूसर आणि पुसली तर तेलकट, गोडसर वास. खानापूरकडच्या पावसात कार्पेट असंही ओलं असतंच, त्यामुळं बोटानं चोळून बघा, पावसाचं पाणी चिकट लागत नाही.

सगळ्यात चांगलं म्हणजे प्रेशर टेस्ट. थंड गाडीत रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढा दाब द्यायचा आणि थांबायचं. पंपाच्या मीटरचा काटा पडत असेल तर गळती आहे, आणि पडतोय पण बाहेर कुठंच थेंब नाही तर तिसरी वाट.

प्र. हेड गॅस्केट गेलंय हे पक्कं कसं कळतं? मेकॅनिक म्हणायलाय उतरवून बघूया.

उतरवून बघू नका. हेड उतरवणं हा शेवटचा उपाय आहे, तपास नाही. आधी बाहेरनं एवढं बघून होतं:

थंड गाडीचं झाकण काढून (थंड, पुन्हा सांगतो) इंजिन चालू करा आणि रेडिएटरमध्ये बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ते अडकलेल्या हवेचे, पण सतत, रेस केलं की वाढणारे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. दुसरं, रात्रभर उभी गाडी चालू करून एक-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला तर पाणी तापायच्या आधीच दाब आलाय, तो गॅसचाच. तिसरं, सकाळी स्टार्ट केल्यावर काही सेकंद एक सिलिंडर मारत नाही आणि मग सुरळीत होते, रात्री त्या सिलिंडरमध्ये पाणी झिरपून साठतं म्हणून. सगळे प्लग काढून ओळीनं ठेवा, एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर तोच सिलिंडर. चौथं, इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधनं पांढरा दाट, गोडसर वासाचा धूर. थंडीत सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्यांना येते, ती जाते.

पक्कं करायचं असेल तर निळ्या द्रवाची केमिकल टेस्ट मिळते, रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातनं ओढायची, पेट्रोल गाडीत गॅस असेल तर निळा रंग पिवळा होतो, डिझेलमध्ये हिरवट. सोबत कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) करा, शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी दाखवायले असतील तर त्यांच्या मधली गॅस्केट गेली. एवढं जुळलं की मग उतरवा.

प्र. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखं पिवळं-पांढरं लागलंय. संपलं का सगळं?

थांबा. जुलै-ऑगस्टमध्ये शहापूर ते मार्केट, मार्केट ते घर अशी दोन-दोन किलोमीटर चालणारी गाडी असेल तर इंजिन पूर्ण तापतच नाही आणि आतली दमट हवा झाकणाखाली अशी साय धरते. पुसा, हत्तरगीपर्यंत एक चक्कर मारून या, परत चार दिवसांनी बघा. डिपस्टिकवर पण तोच रंग असेल, ऑइलची लेव्हल वाढली असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर मात्र गाडी चालू करू नका, टो करून न्या, पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं.

प्र. मेकॅनिकनं थर्मोस्टॅटच काढून टाकला, म्हणाला आपल्या हवेत लागत नाही. बरोबर?

नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोपर्यंत पाणी इंजिनमध्येच फिरवून त्याला लवकर गरम करतो. काढला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, एमपीएफआय गाडी जास्त पेट्रोल मारते, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी साठतं, रिंगा लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो, तो नसला की निम्मं पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं, म्हणजे ज्यासाठी काढला तेच वाढतं.

चांगला आहे का बघायचं तर पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्यानं टांगून तापवा, तळाला टेकू देऊ नका. पाणी उकळायच्या आत उघडला पाहिजे आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. स्वस्त पार्ट आहे, शंका असली तर नवीनच टाका. घरच्यांना विचारून जुनं पातेलं घ्या, एवढी सूचना.

प्र. आपल्याकडं काय बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? बोअरचं पाणी चालत नाही का?

बर्फाचा विषय सोडून द्या. कूलंट इथं दोन कामांसाठी लागतं, गंज थांबवायला आणि उकळबिंदू वर न्यायला. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, उघड्या भांड्यात पाणी इथं शंभरला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. अर्धं कूलंट अर्धं पाणी असलं आणि वर चांगलं झाकण दाब धरून असलं तर तेच एकशेवीसच्या पुढं जातं.

बोअरचं पाणी क्षाराचं. बादलीला, गिझरच्या कॉईलला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळीत आणि हेडच्या वाटांत बसतो, आणि तिथनं उष्णता बाहेर पडत नाही. अडचणीत घातलंत तर घाला, पाणी नसलेल्या इंजिनपेक्षा बोअरचं पाणी बरं, पण नंतर काढून फ्लश करा. कॉन्सन्ट्रेट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, डब्यावर रेडी टू यूज लिहिलं असेल तर त्यात अजून पाणी घालायचं नाही. छोट्या गाडीत साधारण चार लिटर बसतं.

प्र. हिरव्यात लाल घातलं तर?

रंगावर जाऊ नका, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. आतलं केमिकल वेगळं असलं तर गंज थांबवायची ताकद कमी होते आणि कधी कधी गाळ बनतो. जुना साधा हिरवा प्रकार दोन वर्षांनी बदलायचा, ओएटी (ऑरगॅनिक ॲसिडचा प्रकार) लिहिलेला साधारण पाच वर्षं चालतो. आत काय आहे माहीत नसेल तर सगळं काढून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन, एकच काहीतरी भरा. भरताना हीटर गरमवर ठेवा आणि गाडीचं तोंड चढावर करा म्हणजे हवा वर येऊन निघून जाते.

प्र. झाकण बदलून काय फरक पडतो?

भरपूर. झाकणावर ०.९ किंवा १.१ असं लिहिलेलं असतं, तो दाब, बार या मापात. रबर कडक झालं की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळून रेडिएटरला जोडलेल्या प्लास्टिकच्या जादा पाण्याच्या बाटलीत जातं. त्याच झाकणात दुसरा बारका वॉल्व असतो, इंजिन थंड झालं की बाटलीतलं पाणी परत ओढून घ्यायला. बाटली काठोकाठ भरलेली पण रेडिएटर अर्धा रिकामा, किंवा सकाळी वरचा होज आत ओढून चपटा झालेला, तर झाकण बदला. त्याच आकड्याचं घ्या, जास्त दाबाचं लावलं तर जुने होज फुटतात.

प्र. रेडिएटर गळतोय, हळद टाकली तर बंद होतं म्हणतात.

होतं कधी कधी, बारीक भोक असलं तर. पण हळद असो नाहीतर दुकानातली लीक पावडर, ती भोक आणि नळी यात फरक करत नाही, हीटरची बारीक जाळी पहिली बंद होते. आंबोलीत रात्री अडकलात तर करा. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर डाग देऊन मिळतो, ॲल्युमिनियमला प्लास्टिकच्या टाक्या असलेला असेल तर बदलाच, ते प्लास्टिक एकदा ठिसूळ झालं की आज इथं उद्या तिथं.

प्र. काटा मधेच खाली पडतो आणि परत येतो. सेन्सर का?

सेन्सर किंवा अर्थ असू शकतो, पण आधी पाणी बघा, लगेच. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोपर्यंत खरं सांगतो, पाणी संपून तो वाफेत राहिला की काटा चक्क थंड दाखवतो, आणि हीटरमधनं अचानक गार हवा येते. काटा खाली, हीटर गार आणि इंजिनचा आवाज बदललेला, असं तिन्ही एकत्र दिसलं तर जागेवर बंद करा.

काटा कधीच मध्यापर्यंत येत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढलाय. नव्या-जुन्यामधल्या गाड्यांत स्कॅनरवर पी ०१२८ हा फॉल्ट कोड येतो तो हाच. पी ०११७ आणि पी ०११८ हे सेन्सरच्या सर्किटचे.

प्र. गरम असताना बंद केली की दहा मिनिटं स्टार्टच होत नाही, थंड झाली की होते.

कार्ब्युरेटरवाली असेल तर पेट्रोल लाईनमध्ये वाफ होते, उन्हाळ्यात हे नेहमीचं. एमपीएफआय असेल तर टेंपरेचर सेन्सर कॉम्प्युटरला चुकीचं सांगत असेल, इंजिन थंड आहे समजून तो पेट्रोल ओततो आणि प्लग ओले होतात. लक्षात घ्या, बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो, काटा बरोबर दाखवतो म्हणून दुसरा बरोबरच असेल असं नाही. गरम झाल्यावर फेल होणारी इग्निशन कॉईल आणि क्रँक सेन्सर हे पुढचे संशयित.

प्र. निळा धूर येतो. इंजिन बांधायला लागणार?

निळा म्हणजे ऑइल जळतंय. कधी येतो ते बघा. घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर आलात आणि खाली येऊन परत दाबल्यावर भसकन आला, किंवा सकाळी स्टार्ट करताना एकदाच आला, तर वॉल्व सील, ते त्यामानानं कमी खर्चाचं. चढावर जोर लावताना सतत येत असेल तर रिंगा. काळा म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त, आधी एअर फिल्टर बघा.

प्र. हेड उतरवायचं ठरलंच. काय लक्ष ठेवू?

बेळगावात राहायचा हा फायदा, उद्यमबागमध्ये मशीन शॉपांची कमी नाही, हेड फेसिंग (वाकलेलं हेड मशीनवर घासून सपाट करणं) करून देणारे मिळतात. पण नुसतं फेसिंग मारून घेऊ नका, आधी सरळ पट्टी आणि फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पत्र्या) लावून किती वाकलंय ते मोजायला सांगा (बऱ्याच गाड्यांत हद्द ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा), तडा आहे का त्याची प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि ब्लॉकचा वरचा भाग पण मोजा. बसवताना टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना) वापरतायत का बघा, बोल्ट मधनं बाहेर अशा क्रमानं, दोन-तीन टप्प्यात. "हाताला अंदाज आहे हो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. काही इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, विचारा. पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर उघडलंच आहे तर बेल्ट आणि पंप दोन्ही टाका. आणि ज्या कारणानं तापली ते कारण, म्हणजे तो बुजलेला रेडिएटर किंवा मेलेला फॅन, आधी दुरुस्त करा, नाहीतर नवी गॅस्केट पुढच्या उन्हाळ्यात परत.

प्र. काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतलं तर चालतं का?

नको. ते इथिलीन ग्लायकोल आहे, विषारी आणि चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची किडनी जाते. उघड्या टबात अंगणात ठेवू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, कॅनवर लिहा, आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला हे घेतात का विचारून तिकडं द्या. ऑइलच्या ड्रममध्ये मात्र विचारल्याशिवाय मिसळू नका.